बिझनेस स्कूलला अर्ज कोणत्या फेरीत करावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीएच्या अर्जदारांना निबंध आणि गुण यांच्याइतकाच छळणारा प्रश्न म्हणजे अर्ज केव्हा करावा हा होय. पुढील उत्तरे प्रामुख्याने पूर्णवेळ एमबीए अभ्यासक्रमांना लागू पडतात. तारखा दरवर्षी थोड्याफार सरकतात, त्यामुळे येथे महिने दिले आहेत. नेमका दिवस संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावरूनच पाहावा.

फेरी म्हणजे नेमके काय? मुदतीच्या आत लवकर अर्ज केल्यास काही फायदा होतो का?

अमेरिकेतील दोन वर्षांचे बहुतेक एमबीए अभ्यासक्रम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि त्यांच्या प्रवेशाचे काम जवळजवळ वर्षभर आधी सुरू होते. पहिल्या फेरीची मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी संपते आणि निकाल डिसेंबरमध्ये लागतो. दुसऱ्या फेरीची मुदत जानेवारीच्या पहिल्या काही दिवसांत असते व निकाल मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी कळतो. तिसरी फेरी मार्च-एप्रिलमध्ये येते. हार्वर्ड बिझनेस स्कूलने तिसरी फेरी बंद केली असून तेथे आता दोनच फेऱ्या होतात. स्टॅनफर्डमध्ये तीन फेऱ्या आहेत.

एका फेरीतील अर्जांचा विचार साधारणपणे ती मुदत संपल्यानंतर एकत्रच होतो. म्हणून पहिल्या फेरीची मुदत सप्टेंबरमध्ये असताना ऑगस्टमध्येच अर्ज पाठवून दिल्याने रांगेत पुढचा क्रमांक मिळत नाही. ज्या संस्था अर्ज येतील तसे वाचून निर्णय देत जातात, तेथे मात्र लवकर येणाऱ्याला खरोखर लाभ होतो. कोलंबिया बिझनेस स्कूलची पद्धत अनेक वर्षे अशीच होती. पुढे तिनेही ऑगस्टच्या प्रवेशासाठी फेऱ्यांची पद्धत स्वीकारली. त्यामुळे जुना सल्ला वाचताना तो कोणत्या वर्षाचा आहे हे आधी पाहावे.

पहिल्या फेरीत निवड होण्याची शक्यता जास्त असते, हे खरे आहे का?

या प्रश्नाचे आकड्यांनी उत्तर देता येत नाही, कारण बहुतेक संस्था फेरीनिहाय निवडीची टक्केवारी जाहीर करीत नाहीत. इंटरनेटवर फिरणारी कोष्टके बहुतांशी अर्जदारांनी स्वतः कळवलेल्या निकालांवरून तयार झालेली असतात, आणि आपला निकाल कळवण्याची हौस ज्यांची निवड झाली त्यांनाच अधिक असते. त्या कोष्टकांवर फेरी ठरवू नये.

आकडे हाती आले तरी ते सावधपणेच वाचावे लागतील. पहिल्या फेरीत सगळ्या जागा मोकळ्या असतात हे खरे. पण याच फेरीत वर्षभर तयारी केलेले, गेल्या वर्षी थोडक्यात हुकलेले आणि मोठ्या सल्लागार कंपन्यांतून दरवर्षी ठरलेल्या वेळी अर्ज करणारे उमेदवारही एकवटलेले असतात. अशा गटात निवडीचे प्रमाण जास्त दिसले, तरी त्याचे श्रेय फेरीला द्यायचे की अर्जदारांना, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. दुसऱ्या फेरीत अर्जांची संख्या सहसा सर्वांत मोठी असते, आणि वर्गाचा मोठा हिस्सा याही फेरीतून भरला जातो.

तरीही पहिल्या फेरीचा एक फायदा मला खरा वाटतो, आणि तो विशिष्ट अर्जदारांपुरता आहे. ज्यांच्यासारखेच शिक्षण, तोच उद्योग, तेच पद आणि जवळपास तेच गुण असलेले शेकडो अर्जदार दरवर्षी रांगेत उभे असतात, त्यांनी शक्यतो पहिली फेरी गाठावी. प्रवेशसमिती वर्ग भरताना विविधता जपते. जानेवारीपर्यंत तुमच्यासारखे काही उमेदवार तिने आधीच निवडलेले असतात, आणि त्यांच्याहून आपण वेगळे कसे हे सांगण्याचा भार तुमच्यावर येतो. उलट ज्याची वाट फारशी मळलेली नाही, उदाहरणार्थ सैन्यदल, नाट्यसंस्था किंवा ग्रामीण आरोग्यसेवा यांतून येणारा उमेदवार, त्याला दुसऱ्या फेरीत या कारणाने अडचण येण्याचे कारण नाही.

मग फेरी कशावरून ठरवावी?

अर्ज चार गोष्टींचा बनतो: चाचणीचे गुण, शिफारसपत्रे, कामाचा वृत्तांत आणि निबंध. यांतील जी गोष्ट सर्वांत उशिरा तयार होईल, तीच तुमची फेरी ठरवते. संस्थेची तारीख पाहून मग घाई करण्यापेक्षा, या चारही गोष्टी प्रामाणिकपणे पूर्ण होण्याचा दिवस आधी काढावा आणि त्यानंतर येणारी पहिली मुदत आपली मानावी.

हे सांगायला सोपे असले तरी व्यवहारात अर्जदार जुलैमध्ये पहिली फेरी निश्चित करतात, ऑगस्टमध्ये चाचणीत अपेक्षेपेक्षा कमी गुण पडतात आणि मग ‘निबंध चांगला लिहिला की भरून निघेल’ अशी स्वतःची समजूत घालतात. निबंधाने कमी गुण क्वचितच भरून निघतात. शिवाय घाईत लिहिलेल्या निबंधात तेच ते दोन-तीन आवडते शब्द असतात: नेतृत्व, प्रभाव, परिवर्तन. ज्या निबंधाला उमेदवाराने सहा-सात आठवडे दिले आहेत, त्यात प्रत्यक्ष घडलेला एखादा निर्णय, त्यातली चूक आणि त्याचा परिणाम दिसतो. जानेवारीत पाठवलेला असा अर्ज सप्टेंबरमध्ये पाठवलेल्या अर्ध्याकच्च्या अर्जापेक्षा निःसंशय सरस ठरतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड यांच्यासह अनेक संस्था एका प्रवेशवर्षात एकाच उमेदवाराला एकदाच अर्ज करू देतात. पहिल्या फेरीत कच्चा अर्ज करून दुसऱ्या फेरीत सुधारलेला पाठवू, असा मार्गच नसतो.

जीमॅट किंवा जीआरई ही प्रवेशचाचणी किती आधी द्यावी?

ज्या फेरीत अर्ज करायचा आहे, तिच्या मुदतीपूर्वी किमान तीन महिने पहिला प्रयत्न झालेला असावा, म्हणजे दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहते. जीमॅटच्या दोन प्रयत्नांमध्ये किमान १६ दिवसांचे अंतर लागते आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा ती देता येते. जीआरईसाठी हे अंतर २१ दिवसांचे असून तीही १२ महिन्यांत पाच वेळा देता येते. दोन्हींचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचण्यांचे गुण मात्र दोनच वर्षे चालतात, आणि फेरी पुढे ढकलणाऱ्याच्या हातून नेमकी हीच मुदत निसटते.

जीमॅटचे स्वरूप नोव्हेंबर २०२३ मध्ये बदलले. आताची परीक्षा २ तास १५ मिनिटांची आहे व तिची गुणपट्टी २०५ ते ८०५ अशी आहे. जुन्या २०० ते ८०० या पट्टीवरील गुणांशी तिची थेट तुलना करता येत नाही. कोणा ओळखीच्या व्यक्तीने पाच-सहा वर्षांपूर्वी सांगितलेला ‘सुरक्षित’ आकडा डोळ्यांसमोर ठेवून एकेक फेरी सोडत जाणारे अर्जदार आढळतात. त्यांनी शतमानाची, म्हणजे पर्सेंटाइलची, तुलना करावी.

अधिक गुणांसाठी फेरी पुढे ढकलावी का, याचे माझे साधे माप असे आहे: सराव परीक्षांत सातत्याने जास्त गुण मिळत असतील आणि प्रत्यक्ष परीक्षेतच घसरण झाली असेल, तर थांबावे. सराव परीक्षांतही तेवढेच मिळत असतील, तर तीन महिने थांबल्याने फारसा फरक पडणार नाही. तो वेळ निबंधांना द्यावा.

शिफारसपत्रांमुळे फेरी चुकू शकते का?

चुकते, आणि अनेकदा चुकते, कारण अर्जातील एवढा एकच भाग दुसऱ्याच्या हाती असतो. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड यांसारख्या संस्था दोन पत्रे मागतात आणि त्यांतील एक सध्याच्या थेट वरिष्ठांचे असावे अशी अपेक्षा सहसा असते. सप्टेंबरच्या मुदतीसाठी वरिष्ठांशी जून-जुलैमध्येच बोलावे. जानेवारीच्या मुदतीत आणखी एक मेख आहे: डिसेंबरचा उत्तरार्ध अनेक ठिकाणी सुट्यांचा किंवा वर्षअखेरच्या हिशेबांचा असतो, म्हणून पत्रे डिसेंबरच्या मध्यापर्यंत पोहोचतील असे नियोजन ठेवावे. जीमॅट चालवणाऱ्या संस्थेने तयार केलेला शिफारसपत्राचा सामाईक नमुना अनेक बिझनेस स्कूल वापरतात, त्यामुळे एकाच वरिष्ठांना पाच संस्थांसाठी पाच निराळी पत्रे लिहावी लागतीलच असे नाही. ही गोष्ट त्यांना पहिल्याच भेटीत सांगितली, तर होकार लवकर मिळतो.

आपण नोकरी सोडण्याच्या विचारात आहोत हे वरिष्ठांना इतक्यात कळू द्यायचे नसेल, तर माजी वरिष्ठ किंवा कामाशी निगडित ग्राहक यांचे पत्र चालते. मात्र तसे का केले हे अर्जातील अतिरिक्त माहितीच्या रकान्यात दोन वाक्यांत सांगावे.

सगळ्या संस्थांना एकाच फेरीत अर्ज करावा की विभागून करावा?

विभागून करावा, आणि विभागणीमागे विचार असावा. पहिल्या फेरीचे निकाल डिसेंबरमध्ये येतात आणि दुसऱ्या फेरीची मुदत जानेवारीच्या आरंभी संपते. मधल्या तीन-चार आठवड्यांच्या फटीचा उपयोग करून घेता येतो. पहिल्या फेरीत तीन संस्थांना अर्ज केला आणि एकीकडूनही मुलाखतीचे बोलावणे आले नाही, तर अर्जाच्या मांडणीत काहीतरी मूलभूत चूक आहे असे समजून जानेवारीचे अर्ज नव्याने लिहिता येतात. मुलाखती होऊनही नकार आले, तर लेखन ठीक आहे, बोलण्याची तयारी कमी पडली असा निष्कर्ष काढता येतो. सर्व अर्ज एकाच फेरीत पाठवणाऱ्याला हा धडा मिळतो खरा, पण तो वापरायला पुढचे वर्ष उजाडावे लागते.

पहिल्या फेरीत कोणत्या संस्था ठेवाव्यात, यावर दोन मते आहेत. काही जण सर्वांत आवडत्या संस्थांना आधी अर्ज करावा असे म्हणतात, तर काही जण आधी एखाद्या कमी आवडत्या संस्थेवर हात बसवून घ्यावा असे सुचवतात. माझा कल पहिल्या मताकडे आहे, पण एका दुरुस्तीसह: सर्वांत आवडत्या संस्थेचा निबंध सर्वांत आधी लिहू नये. स्टॅनफर्ड अनेक वर्षे ‘तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे काय, आणि का?’ असा प्रश्न विचारत आली आहे. तसा प्रश्न दुसऱ्या कोणत्याही संस्थेच्या निबंधाची डागडुजी करून सुटत नाही, आणि लेखनाचा हात थोडा वळल्यावरच त्याला भिडणे बरे. एका फेरीत तीन ते चार अर्ज ही नोकरी सांभाळून करणाऱ्याची खरी मर्यादा आहे. अर्जाचे शुल्कही आघाडीच्या अमेरिकी संस्थांत प्रत्येकी सुमारे २५० डॉलर असल्याने संख्या वाढवताना खिशाकडे पाहावेच लागते.

पहिल्या फेरीत एका संस्थेने घेतले आणि दुसऱ्या फेरीतील आवडत्या संस्थेचा निकाल बाकी असेल तर?

तर अनामत रकमेचा प्रश्न उभा राहतो. निवड झालेल्या उमेदवाराने ठरावीक दिवसापर्यंत जागा राखण्यासाठी रक्कम भरायची असते, ती बहुधा परत मिळत नाही, आणि हा दिवस दुसऱ्या फेरीच्या निकालाआधीच येऊन ठेपू शकतो. म्हणून यादी तयार करतानाच प्रत्येक संस्थेसमोर मुदत, निकालाचा दिवस आणि अनामतीचा दिवस असे तीन रकाने लिहून ठेवावेत. अनामत भरून नंतर जागा सोडणे नियमबाह्य नसले, तरी निर्णय होताच संस्थेला कळवण्याचे सौजन्य पाळावे, कारण त्या जागेवर प्रतीक्षायादीतल्या कोणाचा तरी जीव टांगलेला असतो.

काही संस्थांत असणाऱ्या बंधनकारक स्वरूपाच्या लवकरच्या फेरीत मात्र निवड झाल्यास इतर अर्ज मागे घेण्याची कबुली द्यावी लागते. ती संस्था निर्विवादपणे पहिली पसंती असेल आणि शिष्यवृत्तीविना शुल्क परवडत असेल, तरच त्या वाटेने जावे.

तिसरी फेरी अगदीच निरुपयोगी आहे का?

निरुपयोगी नाही, पण ती थोड्यांसाठी आहे. तोवर वर्ग बराच भरलेला असतो, शिष्यवृत्तीचा निधी आटत आलेला असतो आणि मे महिन्यात निकाल लागून ऑगस्टमध्ये वर्गात हजर व्हायचे असते. ज्या उमेदवाराची पार्श्वभूमी त्या वर्गात अजून आलेली नाही, ज्याला दुसऱ्या देशात जाण्याची कागदपत्रे करावी लागणार नाहीत आणि ज्याच्याकडे उशिराचे ठोस कारण आहे, त्याने प्रयत्न करायला हरकत नाही. बाकीच्यांना एप्रिलमध्ये तिसरी फेरी आणि सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षाची पहिली फेरी यांत निवड करायची असते, आणि तेथे मी सप्टेंबरच निवडेन. एप्रिलमध्ये केलेल्या अर्जाला नकार आल्यास सप्टेंबरमध्ये त्याच संस्थेकडे पुन्हा अर्ज करताना ‘या पाच महिन्यांत काय बदलले?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, आणि पाच महिन्यांत सहसा फारसे काही बदललेले नसते.

शिष्यवृत्ती, कर्ज आणि व्हिसा यांचा फेरीशी काय संबंध?

दुसऱ्या देशातून जाणाऱ्याने व्हिसाचे गणित आधी मांडावे. अमेरिकेत शिकण्यासाठी संस्थेकडून आय-२० हे प्रमाणपत्र मिळाल्यावरच एफ-१ व्हिसासाठी अर्ज करता येतो, आणि हे प्रमाणपत्र देण्यापूर्वी संस्था खर्चाच्या तरतुदीचे पुरावे मागते. म्हणजे कर्जमंजुरी, पुरावे, आय-२०, सेव्हिस शुल्क (अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थी नोंदणीचे शुल्क), व्हिसाच्या मुलाखतीची तारीख अशी एकामागून एक साखळी असते, आणि तिच्यातील कोणतीही कडी उशिरा जुळली की पुढचे सारे लांबते. डिसेंबरमध्ये निकाल हाती आलेल्याला यासाठी सात-आठ महिने मिळतात, एप्रिलमध्ये आलेल्याला चार, आणि मे महिन्यात आलेल्याला जेमतेम दोन-अडीच. दुसरी फेरी परदेशी उमेदवारालाही पुरते. तिसरीत मात्र निवड होऊनही वर्ग गाठता न येण्याचा धोका असतो.

शिष्यवृत्तीबाबत पहिल्या दोन फेऱ्यांत फार मोठा फरक मानण्याचे कारण नाही. मात्र बाहेरच्या प्रतिष्ठानांच्या शिष्यवृत्त्यांच्या मुदती स्वतंत्र असतात, आणि काहींना प्रवेशाचे पत्र आधी हवे असते. अशा वेळी पहिल्या फेरीचा खरोखर उपयोग होतो.

युरोपातील संस्थांनाही हेच वेळापत्रक लागू आहे का?

नाही. फ्रान्समधील इन्सीड या संस्थेचा एमबीए दहा महिन्यांचा असून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि ऑगस्टच्या अखेरीस, सुरू होतो; प्रत्येक तुकडीसाठी अनेक फेऱ्या असतात. तेथे आधी तुकडी निवडावी आणि मग फेरी: जानेवारीच्या तुकडीला मध्ये उन्हाळी इंटर्नशिपसाठी अवकाश मिळतो, दुसऱ्या तुकडीला मिळत नाही. उद्योगक्षेत्र बदलू पाहणाऱ्याला हा फरक फेरीपेक्षा कितीतरी मोठा आहे. स्वित्झर्लंडमधील आयएमडीचा वर्ग जानेवारीत सुरू होतो आणि तो लहान असतो. ऑक्सफर्डच्या सईद बिझनेस स्कूलमध्येही तीनहून अधिक फेऱ्या असतात. फेऱ्या जास्त असल्या की एकेका फेरीचे वजन कमी होते. तरी अखेरच्या फेरीवर भिस्त ठेवू नये, हा नियम तेथेही बदलत नाही.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. माझी फेरी कोणती?

नेहमीच्या फेऱ्या तुमच्यासाठी नाहीत. हार्वर्डचा ‘टू प्लस टू’, व्हार्टनचा ‘मोलिस ॲडव्हान्स ॲक्सेस’ यांसारख्या योजनांत विद्यार्थी शिकत असतानाच अर्ज करतो आणि काही वर्षे नोकरी करून मग वर्गात जातो. त्यांच्या मुदती बहुधा एप्रिलच्या सुमारास असतात. पदवी हाती पडल्यावर काही काळाने या योजनेची आठवण झाली, तर दार बंद झालेले असते.

बढती किंवा नोकरीतील बदल समोर असेल तर थांबावे का?

बढती पुढील तीन-चार महिन्यांत नक्की होणार असेल, तर सप्टेंबरऐवजी जानेवारी धरावी. ‘कदाचित पुढच्या वर्षी’ अशी असेल, तर थांबू नये. नोकरी नुकतीच बदलली असेल, तर नव्या ठिकाणी सांगण्याजोगे काही घडेपर्यंत आणि नवे वरिष्ठ तुम्हाला ओळखू लागेपर्यंत एक फेरी जाऊ द्यावी.

मंदी आली की अर्ज वाढतात. स्पर्धा कमी असलेल्या वर्षाची वाट पाहावी का?

नोकऱ्या आटल्या की अर्जांची संख्या वाढते, हे २००८ च्या संकटानंतर आणि पुन्हा २०२० मध्ये दिसले. पण हा अंदाज आधी बांधता येत नाही. २०२० च्या वसंतात साथीमुळे अनेक संस्थांनी मुदती वाढवल्या. हार्वर्डने निवड झालेल्यांना प्रवेश पुढे ढकलण्याची मुभा दिली. त्या वर्षीचा वर्ग नेहमीच्या सुमारे ९३० ऐवजी साधारण ७३० चा झाला आणि पुढच्या वर्षी तो हजारावर नेण्यात आला. २०१९ मध्ये बसून हे कोणी ओळखले असते? बाजार पाहून फेरी ठरवणाऱ्याला बाजाराबरोबरच संस्थांच्या प्रतिसादाचाही अंदाज बांधावा लागतो, आणि तो प्रवेशसमित्यांनाही आधी बांधता आलेला नाही.

पहिल्या फेरीत प्रतीक्षायादीत नाव लागले, तर काय करावे?

संस्थेच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात. काही संस्था नवी माहिती स्वीकारतात, काही स्पष्टपणे नको म्हणतात. पहिल्या फेरीतील प्रतीक्षायादीचा विचार बहुधा दुसऱ्या फेरीच्या निकालाच्या वेळी पुन्हा होतो, म्हणून सुधारलेले गुण किंवा बढतीची बातमी मार्चपूर्वी पोहोचलेली बरी. दरम्यान जानेवारीत इतर संस्थांना अर्ज करणे थांबवू नये.

मुदतीच्या दिवशी नेमक्या कोणत्या घड्याळाप्रमाणे अर्ज पाठवायचा?

संस्थेच्या गावच्या. हार्वर्डची मुदत बोस्टनच्या दुपारी बारा वाजता संपते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे बोस्टनचे दुपारचे बारा म्हणजे सप्टेंबरमध्ये ग्रिनिच प्रमाणवेळेचे (जीएमटी) दुपारचे चार आणि जानेवारीत पाच. पहिल्या फेरीसाठी केलेले रूपांतर दुसऱ्या फेरीला जसेच्या तसे वापरू नये. शिफारसपत्रांनाही अनेक ठिकाणी हीच वेळ लागू असते, आणि ती वेळ शिफारस करणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे कळवावी.